इनस्क्रिप्टवर आल्यावर त्याच त्या चुका पुन्हा का होतात: मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करणाऱ्यांसाठी समस्या निवारण

तक्रार साधारण अशी असते. मराठीची श्री-लिपी-कृतिदेव किंवा कन्नडची नुडी ही टायपिंगची जुनी पद्धत सोडून इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी घेतली, अक्षरांच्या जागा पाठ झाल्या, वेगही बरा आला. तरी मजकुरात 'शेतकर्यांना' उमटतंच, 'नाव' पुढे विसर्ग चिकटतो, वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकते, आणि अर्जाच्या मधोमध लेआउट कन्नडवर जाऊन बसतो. दुरुस्ती केली की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात हे जास्त जाणवतं, कारण इथल्या डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानांत एकाच संगणकावर तीन लिप्या चालतात. नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयाचा) अर्ज कन्नडमध्ये, सोसायटीचा अहवाल आणि लग्नपत्रिका मराठीत, बिल इंग्रजीत. इनस्क्रिप्टचा खरा फायदाही याच लोकांना आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी ठरवली ती सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच, आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातही ती आली. मराठीचा 'क' जिथे, तिथेच कन्नडचा 'क'. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा येतात. म्हणून चुका होतात म्हणून जुन्या पद्धतीकडे परतू नका, चुकीचं मूळ शोधा. ते बहुतेक वेळा बोटांच्या वेगात नसतं, टाइप करण्याच्या क्रमात असतं.

खाली बटणांची नावं इंग्रजी अक्षरांवरून दिली आहेत. 'शिफ्ट-जे' म्हणजे शिफ्ट धरून जे. पायऱ्या विंडोज ११ च्या आहेत. विंडोज १० मध्ये फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

आधी रोग ओळखा

तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. लेआउट म्हणजे कोणत्या बटणाला कोणतं अक्षर. एन्कोडिंग म्हणजे ते अक्षर फाइलमध्ये कोणत्या क्रमांकाने साठतं. फॉन्ट म्हणजे ते दिसतं कसं. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा असतो, फॉन्टने त्याला मराठीचा अंगरखा घातलेला असतो. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. लेआउट बदलल्याने असा मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण एन्कोडिंगचा, होत नाही. उलट श्री-लिपीतच कीबोर्ड म्हणून इनस्क्रिप्ट निवडता येतो. तेव्हा बोटं इनस्क्रिप्टची चालतात, फाइल मात्र जुनीच राहते. 'इनस्क्रिप्टने टाइप केलं तरी मेलमध्ये मराठी दिसत नाही' ही तक्रार इथूनच येते.

कोणताही दोष आधी नोटपॅडमध्ये करून बघा. नोटपॅडमध्ये बरोबर आणि वर्डमध्ये चूक असेल तर दोष वर्डच्या फॉन्टचा किंवा ऑटोकरेक्टचा. दोन्हीकडे चूक असेल तर लेआउटचा किंवा क्रमाचा. नोटपॅडमध्ये एका दाबात भलतीच दोन-दोन चिन्हं येत असतील, तर मागे श्री-लिपी, आयएसएम किंवा नुडी असा टायपिंगचा एखादा प्रोग्रॅम चालू आहे आणि विंडोजच्या लेआउटवर तो आपला लेआउट चढवतो आहे. घड्याळाशेजारचं त्याचं चिन्ह उजव्या बटणाने उघडून तो पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटवून भागत नाही. अशी काही सॉफ्टवेअरं स्क्रोल लॉक किंवा कॅप्स लॉकने चालू-बंद होतात, म्हणून ते दिवेही बघून घ्या.

दिसायला बरोबर आणि आतून चूक असं अक्षर पकडायला दोन उपाय आहेत. पहिला बॅकस्पेसचा. डिलीट बटण संपूर्ण जोडाक्षर उडवतं, बॅकस्पेस मात्र एका वेळी एकच चिन्ह काढतं. अक्षरानंतर कर्सर ठेवून एकेकदा बॅकस्पेस दाबत गेलं की आत काय आणि कोणत्या क्रमाने आहे ते कळतं. दुसरा वर्डमधला: चिन्हानंतर लगेच कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, चिन्हाच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक येतो. साधा 'र' ०९३० दाखवतो, 'ऱ' ०९३१. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं.

लेआउट आपोआप बदलतो

आपोआप काही होत नाही. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की भाषा बदलते, आणि इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट सतत लागतो म्हणून अंगठा ऑल्टवर सहज घसरतो. एकाच भाषेचे दोन लेआउट टाकले असतील तर कंट्रोल-शिफ्टनेही अदलाबदल होते.

पहिलं काम: जादा लेआउट काढा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे जा, मराठीसमोरच्या तीन ठिपक्यांतून लँग्वेज ऑप्शन्स उघडा आणि खाली कीबोर्ड्स बघा. 'मराठी' हवा, 'मराठी फोनेटिक' दिसत असेल तर काढा. हे फोनेटिक लेआउट २०१९ पासून विंडोज १० मध्ये आले, आणि यादीतली नावं इतकी सारखी आहेत की घाईत भलताच घेतला जातो. कन्नडचंही असंच तपासा.

दुसरं, आणि तीन लिप्यांवाल्यांना सगळ्यात उपयोगी: फिरत्या बटणांऐवजी थेट बटणं लावा. विंडोज-स्पेसने तीन भाषा एकामागून एक फिरतात. आपण कुठे आहोत हे बघण्यासाठी दर वेळी नजर खाली कोपऱ्यात जाते, आणि चुका तिथेच होतात. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज असं जा. विंडोज १० मध्ये टायपिंग हे डिव्हायसेसखाली आहे. वरची 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' ही ओळ निवडून चेंज की सीक्वेन्समध्ये दोन्हीकडे 'नॉट असाइन्ड' करा. मग एकेका भाषेची ओळ निवडून डावं ऑल्ट-शिफ्ट आणि आकडा द्या: १ इंग्रजी, २ मराठी, ३ कन्नड. कंट्रोल-शिफ्ट आणि आकडा हा पर्यायही तिथे दिसतो, तो घेऊ नका. विंडोजच्या भारतीय लेआउटमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ आणि २ वर अदृश्य जोडचिन्हं असतात, त्यांच्याशी भांडण होतं. मोठ्या अपडेटनंतर ही जोडणी कधी कधी पुसली जाते, तेव्हा पुन्हा लावायची.

याच पानावर 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो' अशी चौकट आहे. ती टिचकवली असेल तर वर्डमध्ये मराठी, ब्राउझरमध्ये इंग्रजी असं प्रत्येक खिडकीचं वेगळं चालतं. काहींना ते सोयीचं वाटतं. दुकानात दोघंतिघं एकाच संगणकावर बसत असतील तर ती चौकट रिकामी ठेवलेली बरी.

यादीत नसलेला 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' लेआउट मध्येच उगवत असेल, तर ती भाषा एकदा रीतसर यादीत घाला आणि मग काढून टाका. बहुतेक वेळा भूत उतरतं. पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नसेल तर त्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कोणता लेआउट आहे ते बघा. तिथे मराठी असेल तर पासवर्ड मराठीत जातो आहे. कायमचा उपाय: लँग्वेज अँड रीजनमधल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्जमध्ये जाऊन, इंग्रजी वर ठेवून, कॉपी सेटिंग्ज करा.

वेलांटी आणि रफार: सवयीची खरी जागा

टाइपरायटरची पद्धत डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने चालते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी मारायची, रफार अक्षरावर दिसतो म्हणून शेवटी. इनस्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने चालतं. 'कि' म्हणताना आधी क येतो, मग इ. म्हणून आधी के, मग एफ.

यात एक खोड आहे. कृतिदेवसारख्या रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीत पहिली वेलांटी एफवरच होती, मात्रा एसवर आणि 'र' जेवर. ही तिन्ही बटणं इनस्क्रिप्टमध्येही तिथेच आहेत. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण बोटाला जागा ओळखीची लागली की ते जुन्याच वेळी पडतं, म्हणजे अक्षराआधी. जागा बदललेल्या बटणांच्या चुका लवकर सुटतात, या तीन बटणांच्या महिनोन्महिने टिकतात. ठिपक्यांच्या गोलावर वेलांटी दिसली किंवा ती मागच्याच अक्षराला लागली, की कारण हेच समजा. शब्दाच्या मध्ये गोल दिसतही नाही: 'कविता' मारताना वेलांटी आधी मारली तर ती आधीच्या 'क'वर जाऊन बसते आणि 'व' मोकळा राहतो.

रफारासाठी र, हलन्त, मग पुढचं अक्षर. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, डीवर आहे. 'कर्नाटक' असं मारा: के, जे, डी, व्ही, ई, ' , के. इथे ' च्या बटणावर ट आहे. रकार उलटा: 'ग्राम' म्हणजे आय, डी, जे, ई, सी. वरच्या ओळीत शिफ्ट-३ वर '्र' आणि शिफ्ट-४ वर 'र्' तयार मिळतात, शिफ्ट-५ ते ८ वर ज्ञ, त्र, क्ष, श्र. तरी सुरुवातीला रफार-रकार जे-डी, डी-जे असेच मारलेले चांगले. तयार बटणं वापरली की आतला क्रम बोटांना कळतच नाही, आणि कन्नडमध्ये गेल्यावर अडतं. क्ष आणि ज्ञ मात्र खुशाल तयार घ्या.

नुडीवरून आलेल्यांची चूक वेगळी. नुडीच्या मांडणीत हलन्त एफवर आहे, इनस्क्रिप्टमध्ये डीवर, आणि एफवर वेलांटी. त्यामुळे जोडाक्षराच्या जागी वेलांटी येते: 'पक्का' मारायला गेलं की 'पकिका' उमटतं. असा शब्द दिसला की टाइप करणारा नुडीवर शिकलेला आहे हे कागदावरूनच कळतं. फोनेटिकवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. इंग्रजी स्पेलिंगच्या सवयीने 'कमल' मारलं की इनस्क्रिप्टमध्ये 'कोसोत' येतं, कारण ए वर ओकार, एम वर स आणि एल वर त आहे. अकारासाठी काहीच दाबायचं नसतं, हे बोटांना पटायला वेळ लागतो.

'शेतकर्यांना' काही जात नाही

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात कमी दुरुस्त होणारी चूक ही. जे, डी, / मारलं की र्य येतो, म्हणजे रफार. सूर्य, कार्य, धैर्य, मर्यादा यांना तोच हवा. पण शेतकऱ्यांना, दुसऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर यांना आडवा, चंद्रकोरीसारखा र हवा, आणि त्यासाठी सुरुवातच वेगळ्या अक्षराने करायची: शिफ्ट-जे म्हणजे ऱ, मग डी, मग / . 'शेतकऱ्यांना' पूर्ण असं: शिफ्ट-एम, एस, एल, के, शिफ्ट-जे, डी, / , ई, एक्स, व्ही, ई. ह पुढे असला तरी हेच: तऱ्हा, गऱ्हाणं, कुऱ्हाड.

कुठे कोणता हे ठरवायला मूळ शब्द बघा. मूळ शब्द रा, री, रे असा संपत असेल आणि त्याला विभक्ती किंवा अनेकवचन लागून य आला असेल, तर ऱ्य: शेतकरी, दुसरा, पायरी, वारा. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर रफार. म्हणूनच 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना; लग्नाच्या आमंत्रणात दोघंही येऊ शकतात.

सगळ्या 'र्य'च्या जागी एका फटक्यात 'ऱ्य' घालू नका, कार्यक्रमाचा 'काऱ्यक्रम' होईल. वर्डमध्ये फाइंडला 'र्या' देऊन एकेक थांबा बघत जा. चुकीचे बहुतेक तिथेच सापडतात, कारण सामान्यरूपात आकार येतो. थांबायचं मात्र मर्यादा, पर्याय, कार्यालय यांच्यावरही लागेल.

काही जुन्या फाइलींत हाच आडवा र वेगळ्या रीतीने केलेला असतो: साधा र, हलन्त, मग अदृश्य जोडचिन्ह, मग य. दिसायला तंतोतंत सारखा, आतून वेगळा, म्हणून 'ऱ्य' शोधलं की सापडत नाही. दुकानात सगळ्यांनी एकच रीत धरावी. शिफ्ट-जेची रीत घ्या, तिला अदृश्य काही लागत नाही.

कोलन, तिरपी रेघ, अवतरणं

इनस्क्रिप्टमध्ये ; च्या बटणावर च-छ आहेत, ' वर ट-ठ, / वर य. म्हणजे कोलन, अवतरण आणि तिरपी रेघ या तिन्हींच्या जागा गेल्या. लोक कोलनच्या जागी शिफ्ट आणि - दाबतात, दोन टिंबं येतात आणि काम झालं असं वाटतं. तो विसर्ग असतो. 'नावः', 'दिनांकः', 'विषयः' अशा अर्जांचे गठ्ठे सापडतील. छापल्यावर फारसं कळत नाही, पण विसर्ग अक्षराला चिकटतो, ओळ भलतीकडे तुटते, आणि 'नाव:' शोधलं की मिळत नाही. ओळखायला बाणाचं बटण वापरा: कर्सर अक्षर आणि दोन टिंबं मिळून एकाच उडीत ओलांडत असेल तर तो विसर्ग.

तिरप्या रेघेचा उपाय सोपा आहे. नमपॅडवरची / कोणत्याही लेआउटमध्ये / च राहते. सर्व्हे नंबर, तारखा, जावक क्रमांक सगळे नमपॅडवरून घाला. आकड्यांचंही तेच. वरच्या ओळीतून मराठी आकडे येतात की इंग्रजी हे लेआउट कोणता घेतला त्यावर असतं. हिशेबाच्या शीटमध्ये आकडे नमपॅडवरूनच जाऊ द्या. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपला वेगळा यूएसबी नमपॅड जोडणं हा इथला सर्वांत स्वस्त इलाज.

कोलन, अवतरण आणि ₹ यांच्यासाठी एक तर ऑल्ट-शिफ्ट-१ ने क्षणभर इंग्रजीत जा, तिथे 'इंग्लिश इंडिया' लेआउट असेल तर उजवं ऑल्ट आणि ४ ने ₹ येतो. नाही तर स्वतःचा लेआउट बनवा. त्याची कृती पुढे आहे.

ॲ आणि अॅ

शिफ्ट-१ दाबून काय येतं ते आधी बघा. अनेक लेआउटवर तिथे हिंदीच्या वळणाचा ऍ आहे. मराठीला हवा तो ॲ, जो युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. तो न सापडल्याने बरेच जण शिफ्ट-डीने अ आणि शिफ्ट-२ ने चंद्र लावून काम भागवतात. छापायला चालतं. यादी लावायला आणि शोधायला चालत नाही, कारण संगणक त्या दोन वेगळ्या गोष्टी धरतो. एका बॅकस्पेसला नुसता चंद्र गेला आणि 'अ' उरला, तर ती जोडणी होती; अक्षर पूर्ण गेलं तर खरा ॲ. वर्डमध्ये इंग्रजी लेआउटवर ०९७२ हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहून ऑल्ट-एक्स दाबलं की खरा ॲ मिळतो. तो ऑटोकरेक्टमध्ये एखाद्या न लागणाऱ्या जोडीला बांधून ठेवा.

शेजारच्या बटणांचे घोटाळे

ड आहे [ वर आणि त्याच्या शेजारी ] वर नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. बोट जरा उजवीकडे गेलं की 'जोड़पत्र' होतं. मराठीला हा नुक्ता लागत नाही, म्हणून छापण्याआधी फाइंडमध्ये नुक्ता देऊन एकदा सगळी फाइल चाळा.

ण चं वेगळं आहे. बाकीच्या जोड्या एकाच बटणावर असतात: ल-ळ एनवर, स-श एमवर. म्हणून लोक व्हीवरच्या न चा जोडीदार म्हणून शिफ्ट-व्ही दाबतात आणि खाली टिंब असलेला ऩ येतो. ण असतो म सोबत, शिफ्ट-सीवर. ळ साठी शिफ्ट-बी दाबलं की ऴ येतो, तोही नको. ष शिफ्ट आणि स्वल्पविरामावर आहे. सरावाला 'येळ्ळूर' चांगला शब्द आहे: / , एस, शिफ्ट-एन, डी, शिफ्ट-एन, टी, जे. तो दहा वेळा बिनचूक आला की ळ बसला.

कन्नडमध्ये गेल्यावर सगळं दीर्घ होतं

जागा एकच असल्याने 'पाटील' दोन्ही लिप्यांत तीच पाच बटणं: एच, ई, ' , आर, एन. पण कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत, मराठीत नाहीत. मराठी बोट एस आणि ए हीच बटणं दाबणार, म्हणजे दीर्घच. ऱ्हस्व एकार झेडवर आहे, ऱ्हस्व ओकार १ च्या डावीकडच्या बटणावर, आणि त्यांचे स्वर त्याच बटणांवर शिफ्टने.

गावाचंच नाव घ्या. मराठीत 'बेळगाव': वाय, एस, शिफ्ट-एन, आय, ई, बी. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत असलेलं कन्नड नाव 'बेळगावि': वाय, झेड, शिफ्ट-एन, आय, ई, बी, एफ. दुसरं बटण बदललं आणि शेवटी ऱ्हस्व इकार आला, बाकी बोटं तीच. 'निपाणी' कन्नडमध्ये 'निप्पाणि' होते: व्ही, एफ, एच, डी, एच, ई, शिफ्ट-सी, एफ. 'देसाई'चा शेवट तिकडे 'यि' असतो: ओ, एस, एम, ई, / , एफ. अर्जातली नावं दोन्ही लिप्यांत जुळली नाहीत की कागद परत येतो. म्हणून आडनावं आणि गावांची यादी दोन्ही लिप्यांत एकदा तपासून भिंतीला लावलेली बरी.

उलटीकडूनही चूक येते. दिवसभर कन्नड मारून मराठीत आलं की बोट झेडवर जातं. काही देवनागरी लेआउटवर तिथे ऱ्हस्व मात्रा निघते आणि 'बॆळगाव' उमटतं. बारीक अक्षरात फरक दिसत नाही. ऑल्ट-एक्सने दीर्घ मात्रा ०९४७ दाखवते, ऱ्हस्व ०९४६.

आणखी एक बारकावा, क्वचित लागणारा. रॅली, रँक असे इंग्रजी शब्द कन्नडमध्ये लिहिताना र पूर्ण ठेवून य खाली घ्यायचा असतो. तिथे अदृश्य जोडचिन्ह र नंतर लगेच, हलन्ताच्या आधी येतं. देवनागरीत ते हलन्तानंतर येतं. मराठीची रीत तिकडे नेली की अर्कावत्तू, म्हणजे कन्नडचा रफारच उमटतो.

चौकोन, प्रश्नचिन्हं, मोडलेली जोडाक्षरं

पेजमेकरमध्ये युनिकोड पेस्ट केलं की प्रश्नचिन्हं येतात. २००१ च्या ७.० आवृत्तीलाही युनिकोड कळत नाही, तिथे सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका. पत्रिकांचे जुने साचे पेजमेकरमध्येच असतील तर वर सांगितल्याप्रमाणे श्री-लिपीत इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडून तिथेच काम करा, आणि नवी कामं इनडिझाइनमध्ये घ्या. इनडिझाइनमध्ये वेलांटी विस्कटत असेल तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. फोटोशॉपमध्ये हीच गोष्ट प्रेफरन्सेसमधल्या टाइप या भागात आहे.

वर्डमध्ये फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर बदलत नसेल तर कंट्रोल-डी दाबा. तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नावाने वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार असतो. देवनागरी आणि कन्नड तिथलं ऐकतात, वरचं ऐकत नाहीत.

जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला असेल तर चार जागा हाताने तपासाव्याच लागतात: जोडाक्षरावरची पहिली वेलांटी, रफार, ऱ्य, आणि श-ष-क्ष. मूळ फाइल पुसू नका.

स्वतःचा लेआउट

दिवसभर टाइप करणाऱ्याने अर्धा तास खर्चून हे करावंच. मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर १.४ हे मोफत आहे. त्यात फाइलमधून लोड एक्झिस्टिंग कीबोर्ड करून 'मराठी' उघडा. डावीकडच्या चौकटींत ऑल्ट-कंट्रोल टिचकवा, म्हणजे उजव्या ऑल्टची पातळी दिसते. तिथे आधी काय आहे ते बघून फक्त रिकाम्या जागा वापरा: ; वर कोलन, ' वर अवतरण, / वर प्रश्नचिन्ह, शिफ्ट-डीच्या अ ची आठवण राहावी म्हणून डीवर ॲ. प्रॉपर्टीजमध्ये नाव आठ अक्षरांच्या आत द्या, प्रोजेक्टमधून व्हॅलिडेट करून सेटअप पॅकेज बांधा, चालवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. मूळ मराठी लेआउट यादीतून काढा, नाही तर कंट्रोल-शिफ्टची अदलाबदल पुन्हा सुरू. सेटअपचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा, दुसऱ्या संगणकावर तेच चालवता येतं.

सराव कसा लावायचा

स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हा इनस्क्रिप्टचा आराखडा. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. त्यांच्या नेमक्या वर मऊ जोडीदार: प वर ब, क वर ग, त वर द, च वर ज, ट वर ड. महाप्राण (ख, घ, थ, ध असे) सगळे शिफ्टवर. ही रचना कळली की तक्ता पाठ करावा लागत नाही. पहिले तीन-चार दिवस मधल्या ओळीतच राहा: कर, करते, पेरते, टोप, रोपे, तुरे. मग वरची ओळ घ्या, शेवटी खालची. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं पुरतात, एका बैठकीत दोन तास बसून बोटं हट्टी होतात. बटणांवर स्टिकर लावले तरी चालतील, पण डाव्या हाताचे आठवड्याने काढा, म्हणजे नजर पडद्यावर येते.

बदल तुळशीच्या लग्नानंतर, पत्रिकांच्या गर्दीत सुरू करू नका. नव्या फाइली इनस्क्रिप्टमध्ये आणि जुन्या फाइलींच्या दुरुस्त्या जुन्याच पद्धतीने, अशी वाटणी करा. एकाच कागदावर दोन पद्धती मात्र आणू नका. क्रमाची सवय मोडते ती अशा मिसळीमुळेच, आणि मग एफवरची वेलांटी पुन्हा अक्षराच्या आधी पडू लागते.